टाकीतला एक मासा बाकीच्यांना छळतोय? नदीत सोडण्याआधी हा हिशेब करा

उज्जैन (स्थानिक प्रतिनिधी) : फ्रीगंजात टावर चौकाजवळ माझी मावशी राहते. तिच्या बैठकीत दोन फुटी फिशटँक आहे. त्यात दोन एंजल, तीन टायगर बार्ब, एक गौरामी आणि चार गप्पी. गेल्या महिन्यात एका सकाळी बघितलं तर दोन गप्पींच्या शेपट्या गायब, एंजलचे लांब पर कुरतडलेले आणि गौरामी फिल्टरच्या मागे दडून बसलेला. मावशी म्हणाली, “हा पट्ट्यांचा मेला भारी दुष्ट आहे रे. याला क्षिप्रेत सोडून ये, पुण्य तरी लागेल.”

“मावशी, नदीत नको. आधी टाकीचा हिशेब करू,” मी म्हटलं. तोच हिशेब वाचकांसाठी मांडतो, कारण घरोघरी हीच तक्रार ऐकू येते.

मासा दुष्ट नसतो, जागा अपुरी असते

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच म्हणजे दोन घनफूट, साधारण 56 लिटर. खडी आणि वरची मोकळी जागा वजा केली की हाती 45 लिटरच्या आसपास पाणी उरतं. एंजल आणताना रुपयाच्या नाण्याएवढा असतो, पण वाढून पंधरा सेंटिमीटरपर्यंत जातो. आज मावणारे मासे सहा महिन्यांनी मावतीलच असं नाही.

दुसरी बाब संख्येची. टायगर बार्ब हा झुंडीत राहणारा मासा. आठ-दहा असले की त्यांची पळापळ आपसातच चालते. दोन-तीनच ठेवले तर ती खोडी शेजाऱ्यांवर निघते आणि लांब पर असलेले एंजल, गौरामी, गप्पी पहिले सापडतात. म्हणजे मावशीकडे मासे एकाच वेळी जास्तही होते आणि कमीही!

तिसरी बाब हद्दीची. एंजल हा सिक्लिड कुळातला. या कुळातल्या अनेक जातींत आईबाप मिळून अंडी-पिल्लं राखतात. जोडी जमली की ती एक कोपरा धरते आणि बाकी सगळ्यांना दुसऱ्या टोकाला हाकलते. नर गौरामी पाण्यावर बुडबुड्यांचं घरटं करतो, तोही राखणीला उभा राहतो. कालपर्यंत शांत असलेला मासा एकदम अंगावर धावू लागला तर आधी अंडी दिसतात का ते बघा.

ऑस्ट्रियाचे प्राणिशास्त्रज्ञ कोनराड लॉरेन्झ यांना 1973 मध्ये नोबेल मिळालं. आक्रमकतेवरच्या आपल्या 1963 च्या पुस्तकात त्यांनी सिक्लिडचा एक मजेशीर अनुभव लिहिला आहे. एकाच टाकीत मधे काच घालून दोन जोड्या ठेवल्या की दोन्ही घरं गुण्यागोविंदानं नांदतात, कारण राग काचेपलीकडच्या शेजाऱ्यावर निघतो. काचेवर शेवाळ धरून शेजारी दिसेनासा झाला की नर आपल्याच मादीवर धावतो. काच पुसली की घरात पुन्हा शांतता! आपल्यालाही यातून एक गोष्ट कळते. एका माशाला बाहेर काढलं म्हणून भांडण संपेलच असं नाही, कधी कधी दुसरा त्याची जागा घेतो.

करायचं काय?

1. पंधरा मिनिटं नुसतं बघा. कोण कोणामागे धावतो? खाण्याच्या वेळी, की एका ठराविक कोपऱ्याजवळ? खाण्यावरून भांडण असेल तर दोन टोकांना थोडं थोडं खाणं टाका.

2. जखमी माशाला लगेच वेगळा काढा. क्लोरीन काढलेलं, त्याच तापमानाचं स्वच्छ पाणी आणि एअरपंप एवढं पुरे. अंदाजानं औषधं ओतू नका.

3. टाकीतले दगड, झाडं, मडकं यांची जागा बदला. हद्दीच्या खुणा गेल्या की दादागिरी करणाऱ्यालाही नव्यानं सुरुवात करावी लागते.

4. लपायला जागा आणि मधे आडोसा ठेवा. एका टोकापासून दुसरं टोक सरळ दिसत असेल तर पळणाऱ्याची सुटका नाही.

5. तरीही थांबलं नाही तर भांडखोराला चार-पाच दिवस वेगळ्या टाकीत ठेवा. परत सोडाल तेव्हा तो नवखा असतो, बाकीचे स्थिरावलेले असतात.

6. नवा मासा सोडायचा तर दिवा बंद करून, सगळ्यांना खाऊ घालून झाल्यावर.

7. पाणी बदलण्यात चालढकल नको. माळव्याच्या उन्हाळ्यात पाणी तापलं की त्यातला ऑक्सिजन घटतो आणि मासे बेचैन होतात.

काही जोड्या जमवूच नका

दोन नर फायटर एका टाकीत कधीच नको. ऑस्कर फूटभर वाढतो आणि तोंडात मावेल तो मासा गिळतो. ‘लकी’ म्हणून विकला जाणारा फ्लॉवरहॉर्न माणसानं संकर करून बनवलेला आहे, त्याला एकट्यालाच ठेवावं लागतं. मोठ्या एंजलसोबत इवलासा निऑन टेट्रा ठेवला तर तो त्याचं जेवणच होतो. विकत घेताना दुकानदाराला रंग विचारण्याआधी “हा किती मोठा होतो आणि कोणाबरोबर राहतो?” हे विचारा.

आणि नदीचं काय?

नकोसा मासा दुकानदाराला परत द्या, मोठी टाकी असलेल्या ओळखीच्याला द्या. पण नदी-तलावात सोडू नका. परदेशी मासा बहुधा उपासमारीनं मरतो, आणि जगला तर तिथल्या माशांच्या मुळावर येतो. टाकीची काच साफ करतो म्हणून आणला जाणारा दक्षिण अमेरिकेतला सकर मासा आज उजनी धरणात पसरला आहे. खायला त्याला कोणी घेत नाही, वर काटेरी अंगानं मच्छीमारांची जाळी फाटतात. क्षिप्रा पुढे चंबळेला मिळते, चंबळ यमुनेला. रामघाटावर सोडलेल्या माशाला राज्याची हद्द अडवत नाही.

मावशीकडे आता सहा टायगर बार्ब वाढवून नऊ केलेत आणि त्या टाकीत फक्त तेच. एंजलची जोडी, गौरामी आणि उरलेले गप्पी शेजारच्या काकांच्या चार फुटी टाकीत गेले. तिथेही गप्पी एंजलपासून जपावे लागतात, म्हणून काकांनी एका कोपऱ्यात दाट झाडं लावली आहेत. मावशीचा ‘दुष्ट’ मात्र आता नऊ जणांत ओळखूसुद्धा येत नाही.