धमनीच्या भिंतीचे दप्तर

मनगटावर तीन बोटे टेकवून नाडी पाहण्याची रीत आपल्याकडे इतकी मुरलेली आहे की, बोटांखाली उसळते ते हृदयातून नुकतेच निघालेले रक्तच, असे आपण सहज धरून चालतो. वस्तुतः ते रक्त त्या क्षणी मनगटापर्यंत पोहोचलेलेही नसते, आणि जाणवते ती धमनीच्या भिंतीवरून रक्ताच्या कितीतरी पुढे धावत आलेली दाबाची लाट असते.

या लाटेचा लेख वाचणाऱ्यांत फ्रेडरिक अकबर महमद यांचे स्मरण अगत्याने करावे लागते. पाटण्याहून विलायतेस जाऊन स्थायिक झालेल्या शेख दीन महंमद यांचा हा नातू. लंडनच्या गाय्ज रुग्णालयात, मारे या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नाडीलेखकात सुधारणा करून, त्याने काजळी धरलेल्या कागदावर रुग्णांच्या नाडीच्या रेषा उमटवून घेतल्या. आणि ज्यांची मूत्रपिंडे अद्याप शाबूत दिसत होती अशांच्याही रेषांत वाढलेल्या दाबाची खूण असते, हे १८७० नंतरच्या दशकात दाखवून दिले. १८८४ साली, अवघ्या पस्तिशीत, विषमज्वराने त्याचा अंत झाला.

ही लाट जिथून निघते, त्या महाधमनीच्या भिंतीत इलॅस्टिनचे लवचिक थर असतात. हृदय आकुंचन पावले की त्या थरांच्या बळावर ती फुगते, आणि हृदय विसावले की पूर्ववत होताना साठवलेले रक्त पुढे लोटते. परंतु इलॅस्टिन मुख्यतः बालपणीच घडते. दिवसाला सुमारे एक लाख ठोके सोसता सोसता त्याचे तंतू तुटतात आणि त्यांची जागा कठीण कोलॅजन घेते. मग वरचा दाब चढतो, खालचा उतरतो, आणि ज्या आघाताची धार महाधमनीने बोथट करावयाची, तो मेंदूच्या व मूत्रपिंडाच्या नाजूक केशवाहिन्यांवर जाऊन आदळतो.

हा ताठरपणा मोजण्यासाठी मानेतील व जांघेतील नाडीची वेळ टिपून लाटेचा वेग काढतात. तरुणपणी तो सेकंदाला पाच-सहा मीटर असतो, आणि १० मीटरच्या वर गेला की युरोपीय तज्ज्ञ त्यास धोक्याची खूण मानतात. भिंतीची जाडी पाहण्याची रीत १९८६ साली इटलीतील पिग्नोली व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. मानेतील धमनीच्या सोनोग्राफीत दोन उजळ रेषा दिसतात, त्यांमधील अंतर म्हणजे आतल्या दोन थरांची जाडी, ०.९ मिलिमीटरच्या पुढे ती वाढलेली समजतात. मात्र ही जाडी वर्षाला जेमतेम शतांश मिलिमीटरने वाढते, आणि मोजणाऱ्या हातांतील तफावत त्याहून मोठी असते. म्हणूनच २०१३ साली अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी ही तपासणी सरसकट करू नये, अशी शिफारस केली. ही मोजमापे साक्ष देतात, निकाल देत नाहीत.

तथापि साक्ष ऐकून घेण्यास यंत्राचीच गरज असते असे नाही. रक्तदाबाचा एक आकडा ही एका क्षणाची नोंद, भिंत हे अनेक वर्षांचे दप्तर. आणि त्या दप्तराचे एक पान आपल्या हाती नेहमीच येत असते. घरातील वडीलधाऱ्यांचा दाब १६० आणि ६५ निघाला असता, ‘खालचा तर उत्तम आहे’ असे म्हणून आपण त्यांचे समाधान करतो. परंतु दोहोंमधील हे ९५ चे अंतर म्हणजेच ताठरलेल्या भिंतीचा जबाब होय. तो समाधानाने मिटून न ठेवता वैद्यांपुढे ठेवावा, तंबाखू सुटावी, मीठ आवरावे, पायी चालणे नित्याचे व्हावे. कारण तुटलेला तंतू पुन्हा जुळत नसला, तरी उरलेल्यांवरील भार हलका करणे अजून आपल्या हाती असते.