मिसेस बी. आणि बुकबाइंडरचा पोरगा

पुढे मोठा झालेला माणूस बारा-तेराव्या वर्षी काय वाचत होता, हे शोधून वहीत टिपून ठेवण्याची खोड मला फार जुनी आहे. आत्मचरित्रांत, पत्रसंग्रहांत, मृत्युलेखांत अशा गोष्टी कुठेतरी कोपऱ्यात पडलेल्या असतात. आइनस्टाइनच्या घरी दर आठवड्याला जेवायला येणारा मॅक्स तालमूद हा वैद्यकीचा विद्यार्थी त्याला आरोन बर्नस्टाइनची लोकविज्ञानाची पुस्तके आणून देई. अॅलन ट्युरिंगला दहाव्या वर्षी एडविन ब्रूस्टरचे निसर्गातल्या नवलांवरचे पुस्तक मिळाले आणि विज्ञान नावाचे काही असते हे त्याला त्यातून कळले. आपले पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांची चिमणी तर सर्वांनाच ठाऊक आहे. मात्र ती चिमणी घेऊन गेलेल्या मुलाला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या मिलर्डसाहेबांनी ‘एहा’ या टोपणनावाच्या लेखकाचे मुंबईच्या पक्ष्यांवरचे पुस्तक वाचायला दिले होते, हे तितके ठाऊक नाही.

या वहीतले सर्वांत भरलेले पान मायकेल फॅरडेचे आहे आणि त्याचे कारण एक पत्र. ऑक्टोबर १८५८ मध्ये, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, फॅरडेने जिनिव्हाचा शास्त्रज्ञ ऑगस्ट द ला रिव्ह याला ते लिहिले. जेन मार्सेट नावाची एक वृद्ध बाई त्या जूनमध्ये वारली होती. द ला रिव्हला तिच्याविषयी लिहायचे होते आणि त्याने फॅरडेकडे आठवणी मागितल्या होत्या. त्या काळी युरोपातला सर्वांत मान्यवर प्रयोगकार असलेला हा माणूस उत्तरात सांगतो, की मी तेराव्या वर्षी एका पुस्तकविक्या-बुकबाइंडरच्या दुकानात लागलो, आठ वर्षे तिथे होतो आणि बांधायला आलेली पुस्तके काम संपल्यावर वाचत बसे. दोन पुस्तकांचे ऋण तो नाव घेऊन सांगतो. विजेच्या पहिल्या कल्पना ब्रिटानिका विश्वकोशाने दिल्या आणि रसायनशास्त्राचा पाया मिसेस मार्सेटच्या संवादांनी घातला.

इथवर सभ्य कृतज्ञता आहे. पुढचा भाग मला विलक्षण वाटतो. फॅरडे म्हणतो, मला बालपणीचा खोल विचारवंत वगैरे समजू नका. मी कल्पनेत रमणारा मुलगा होतो आणि अरबी कथांवर विश्वकोशाइतकाच सहज विश्वास ठेवू शकलो असतो. मला वाचवले ते वस्तुस्थितीच्या ओढीने. कुणी काही विधान केले की मी त्याची उलटतपासणी घेई. मार्सेटबाईंच्या पुस्तकाचीही त्याने ती घेतली, परवडतील तेवढे छोटे प्रयोग करून. पुस्तक कसोटीला उतरले, तेव्हा कुठे त्याने त्याच्यावर भार टाकला.

दुकान लंडनच्या ब्लँडफर्ड स्ट्रीटवर होते, मालक जॉर्ज रिबो. बाप लोहार, तोही बहुतेक वेळ आजारी. घरात पैशाची चणचण. पोराने १८०४ साली वर्तमानपत्रे पोचवण्याच्या कामापासून सुरुवात केली आणि वर्षभराने त्याची सात वर्षांची उमेदवारी ठरली. ज्याच्या हाताखालून दिवसभर फर्मे जातात तो सहसा मजकूर वाचत नाही. हा वाचत होता. रिबोही भला माणूस, दुकानात प्रयोग करू देणारा. पुढची गोष्ट, म्हणजे रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीच्या व्याख्यानांची तिकिटे, त्यावरून काढलेल्या टिपणांचे स्वतः बांधलेले पुस्तक, मार्च १८१३ मधली नोकरी, हे शालेय चरित्रांत इतक्यांदा येऊन गेले आहे की ते मी सोडून देतो. त्या चरित्रांत मार्सेटबाई मात्र एका ओळीत उरकली जाते. ‘एक रसायनशास्त्राचे पुस्तक वाचून’, संपले.

म्हणून बाईकडे वळू. जेन हाल्डिमंडचा जन्म १ जानेवारी १७६९ चा, लंडनचा. वडील स्विस व्यापारी, घर सधन. आई गेली तेव्हा ही पंधरा वर्षांची. घराची आणि धाकट्या भावंडांची जबाबदारी अंगावर पडली. शिक्षण घरीच, पण भावांच्या बरोबरीने. तिशीत आल्यावर, १७९९ मध्ये, तिने अलेक्झांडर मार्सेटशी लग्न केले. हा मूळचा जिनिव्हाचा, एडिंबरोला शिकलेला डॉक्टर, नंतर गाय्ज हॉस्पिटलमध्ये. मन मात्र रसायनात. मुतखड्यांच्या रसायनावर त्याने पुढे पुस्तक लिहिले. स्वीडनचा बर्झेलियस त्याचा मित्र. अशा घरात जेवणाच्या टेबलावर काय बोलले जात असेल, याचा अंदाज करता येतो.

डेव्हीची व्याख्याने तेव्हा लंडनमध्ये गाजत होती. ती जिथे होत त्या रॉयल इन्स्टिट्यूशन या विज्ञानसंस्थेसमोर घोडागाड्यांची इतकी गर्दी होई, की अल्बेमार्ल स्ट्रीट एकेरी वाहतुकीचा करावा लागला असे सांगतात. श्रोत्यांत बायका पुष्कळ. जेनही जाई. प्रस्तावनेत तिने मोकळेपणाने लिहिले आहे, की प्रयोग इतक्या झपाट्याने पुढे सरकत की आपल्याला धड काही कळत नसे. मग एका मित्राशी त्याच विषयांवर गप्पा झाल्या, काही प्रयोग घरी करून पाहिले आणि पुन्हा व्याख्यानाला गेल्यावर सगळे उलगडू लागले. हा मित्र तिचा नवराच असावा असे बहुतेक सगळे मानतात, मीही मानतो. संभाषणातून आपल्याला जे कळले ते संभाषणाच्याच रूपाने इतरांना द्यावे, एवढीच तिची योजना. बाईमाणसाने हा विषय हाताळावा का, याविषयी ती प्रस्तावनेत चाचरते, माफीही मागते. मग बायकांना दारे उघडी असलेल्या याच संस्थेचा हवाला देऊन पुढे जाते.

‘कॉन्व्हर्सेशन्स ऑन केमिस्ट्री’ दोन खंडांत लाँगमनने काढले. शीर्षकपृष्ठावर साल १८०६, प्रत्यक्षात बाजारात १८०५ च्या अखेरीस. लेखिकेचे नाव नाही. उपकरणांची चित्रे तिने स्वतः काढलेली; चित्रकलेचे धडे तिने चांगल्या गुरूंकडून घेतले होते.

पात्रे तीन. मिसेस बी. या शिकवणाऱ्या बाई, एमिली ही शहाणी विद्यार्थिनी आणि कॅरोलाइन. हे पुस्तक कॅरोलाइनच्या जिवावर उभे आहे असे माझे मत आहे. पहिल्याच पानांत ती सांगून टाकते, की रसायनशास्त्राविषयी आपले मत काही फारसे चांगले नाही. औषधविक्याच्या खलबत्त्यात कसली आली गंमत! बाई रागावत नाहीत. औषधाच्या दुकानातली कारागिरी आणि हे शास्त्र यांची तू गल्लत करते आहेस, निसर्गाचीही एक प्रयोगशाळा असते, असे त्या समजावतात. कॅरोलाइन लगेच पटून गप्प बसत नाही. पुढेही ती उतावळेपणाने निष्कर्ष काढते, चुकते, स्फोट कधी होणार म्हणून विचारते, कंटाळते. एमिली मागचे आठवून पुढचे जोडते. दोघींच्या स्वभावांतला फरक शेवटपर्यंत टिकतो, आणि विज्ञानाच्या बालसाहित्यात हे किती दुर्मिळ आहे ते ज्याने अशी शेपन्नास पुस्तके वाचली आहेत त्यालाच कळेल.

प्रयोगही घरात करता येण्याजोगे. एक हात गरम पाण्यात, दुसरा थंड पाण्यात धरायचा आणि मग दोन्ही कोमट पाण्यात बुडवायचे. तेच पाणी एका हाताला गार लागते, दुसऱ्याला ऊन. आपल्या त्वचेची साक्ष किती भरवशाची, हे मुलीला कुणी सांगावे लागत नाही. पाठीमागच्या खोलीत चार बाटल्या जमवून बसलेल्या उमेदवाराला याहून सोयीचे पुस्तक मिळाले नसते.

आता एक अडचण. या पुस्तकातली उष्णता म्हणजे ‘कॅलरिक’ नावाचा एक सूक्ष्म पदार्थ आहे, तो वस्तूंत शिरतो आणि बाहेर पडतो. हे चूक आहे. त्या काळी लाव्हाझिएच्या वजनामुळे जवळजवळ सगळेच तसे मानत, पण रमफर्डने तोफा पोखरताना निर्माण होणारी उष्णता पाहून १७९८ मध्येच या समजुतीला धक्का दिला होता आणि हाच रमफर्ड रॉयल इन्स्टिट्यूशनच्या संस्थापकांपैकी एक. तेव्हा ज्या पुस्तकाला फॅरडेने भरवशाचे म्हटले, त्यातले एक मोठे प्रकरण टिकणारे नव्हते. मला याचा त्रास होत नाही. बाईंनी मुलींना (आणि नकळत त्या पोराला) विधान तपासायची सवय लावली होती. कॅलरिकचे काय करायचे ते पुढचे लोक बघून घेणार होते. शिवाय बाई स्वतःही जागच्या जागी थांबल्या नाहीत. १८०७ मध्ये डेव्हीने विजेच्या साहाय्याने पोटॅशियम आणि सोडियम वेगळे केले आणि १८०९ च्या आवृत्तीत ते संवादांत आले. अशा सोळा आवृत्त्या निघाल्या. शेवटची १८५३ ची, म्हणजे लेखिका चौऱ्यांशी वर्षांची असताना.

अमेरिकेत जे झाले ते मात्र संतापजनक आहे. तिथे १८०६ मध्येच फिलाडेल्फियात आवृत्ती निघाली. परदेशी लेखकाला अमेरिकेत कायद्याचे संरक्षण मिळाले १८९१ मध्ये. तोवर छापील चोरी हा राजरोस धंदा होता. पुस्तक शाळाशाळांत गेले, विशेषतः मुलींच्या. १८५३ पर्यंत तिकडे एक लाख साठ हजार प्रती खपल्याचा आकडा जुन्या लिखाणात सापडतो. त्यातला एक पैसा लंडनला पोचला नसणार, पण पैशाचे एक सोडा. नावाचे काय झाले ते बघा. पुस्तक निनावी असल्याने अमेरिकी प्रकाशकांनी ते कुणाकुणाच्या नावावर टाकले. मार्गारेट ब्रायन नावाच्या दुसऱ्याच शिक्षिकेच्याही. मग हार्टफर्डचे डॉक्टर जे. एल. कॉमस्टॉक आले. त्यांनी मजकुराची स्पष्टीकरणे, सोप्या उपकरणांच्या सूचना आणि शब्दार्थ जोडले. पाठोपाठ रेव्हरंड जे. एल. ब्लेक आले आणि त्यांनी प्रश्न जोडले. शीर्षकपृष्ठावर दोन जे. एल. विराजमान झाले, जिने लिहिले तिला जागा उरली नाही. इंग्लंडमध्ये १८३० च्या दशकात तिचे नाव पुस्तकावर आले, तरी तिकडची कपाटे या पुरुषांच्या नावांनीच भरलेली राहिली.

कॉमस्टॉकना निदान रसायन येत होते. १८३१ मध्ये त्यांनी स्वतःचे पाठ्यपुस्तक काढले आणि मार्सेटबाईंना वर्गातून हळूहळू बाहेर काढले. माझा खरा राग ब्लेकवर आहे. त्यांनी संवादाच्या खाली पाठांतराचे प्रश्न टाकले, ज्यांचे उत्तर म्हणजे वरचेच वाक्य. कॅरोलाइन जिथे वाद घालत होती, तिथे विद्यार्थिनीने आता क्रमांकाबरहुकूम उत्तर द्यायचे. पुस्तकाच्या चुका काढणाऱ्या टीकाकारांनी त्याचे जेवढे नुकसान केले नाही, तेवढे या उपयुक्ततेने केले.

लंडनमध्ये मात्र बाईंचा मान मोठा होता. १८१६ मध्ये त्यांनी अर्थशास्त्रावर असेच संवाद लिहिले. रिकार्डो आणि माल्थस हे अर्थशास्त्रज्ञ घरी येणारे. आपल्याला वेगळ्याच कारणाने परिचित असलेल्या मेकॉलेने मिल्टनवरच्या १८२५ च्या निबंधात म्हटले, की मार्सेटबाईंचे ते छोटे पुस्तक वाचलेली कुठलीही मुलगी वॉल्पोलसारख्या पंतप्रधानाला अर्थकारणाचे धडे देईल. लहान मुलांसाठीही त्यांनी पुष्कळ लिहिले.

फॅरडे तोवर मोठा झाला होता. बाईंशी प्रत्यक्ष ओळख झाली याचा आनंद तो त्या पत्रात सांगतो, आणि हेही, की आपला एखादा निबंध त्यांना पाठवताना तो मनात पहिल्या गुरूचे स्मरण करी. १८४५ च्या शरद ऋतूत त्याने चुंबकाचा प्रकाशावर परिणाम होतो हे दाखवले. बातमी छापून येताच शहात्तर वर्षांच्या मार्सेटबाईंनी त्याला पत्र टाकले: नव्या आवृत्तीचे काम चालू आहे, हे नेमके काय आहे ते कळवा, मला पुस्तकात घालायचे आहे. उमेदवारीच्या काळात ज्याने काम संपल्यावर ते पुस्तक वाचले, त्याच्याकडेच आता लेखिका माहिती मागत होती. वैज्ञानिक पत्रव्यवहारातले हे माझे सर्वांत लाडके पत्र.

फॅरडेच्या मेणबत्तीवरच्या प्रसिद्ध व्याख्यानांविषयी एवढेच. नाताळच्या सुट्टीत मुलांसमोर फॅरडेने व्याख्यानांच्या एकोणीस माला दिल्या. मेणबत्तीवरची १८६०-६१ ची माला लघुलिपीतून उतरवून विल्यम क्रुक्सने १८६१ मध्ये पुस्तकरूपाने संपादित केली. घरातली वस्तू घ्या, प्रश्न विचारा, उत्तर मानण्याआधी करून पाहा, ही त्या मालेची रीत मला ओळखीची वाटते. ती त्याने बाईंकडूनच उचलली असे सिद्ध करता येणार नाही. माझा मात्र विश्वास आहे.

मराठीलाही संवादातून विज्ञान सांगण्याचे हे वळण फार लवकर लाभले होते. हरि केशवजींनी १८३० च्या दशकात मुंबईत पदार्थविज्ञान आणि रसायन यांवरची संवादरूप पुस्तके इंग्रजीवरून मराठीत आणली. मराठी गद्य तेव्हा नुकते उभे राहत होते, परिभाषा हाताशी नव्हती. त्या काळात हे धाडस मोठे. नंतर आपल्याकडे संवादाचे जे झाले ते आपण सगळ्यांनी वाचले आहे. बंडू विचारतो, ‘काका, पाऊस कसा पडतो?’ आणि काका दीड पान बोलतात. बंडू शेवटी ‘अय्या, किती छान!’ म्हणतो. बंडूला कधी कंटाळा येत नाही, शंका येत नाही, काकांचे कधी चुकत नाही. ब्लेकचे प्रश्न वर चढून बंडूच्या तोंडात बसले, एवढाच बदल.

मुलांसाठी विज्ञान लिहिणाऱ्यांना आणि छापणाऱ्यांना एक विनंती. मार्सेटबाईंचे पुस्तक प्रोजेक्ट गुटेनबर्गच्या ऑनलाइन संग्रहात फुकट मिळते. पहिली चार संभाषणे वाचा, कॅलरिकची प्रकरणे गाळू नका, आणि तुमच्या पुढच्या पुस्तकात निदान एक मूल असे घाला की ज्याला विषय अजिबात आवडत नाही.