जालन्याच्या विहिरीतला ज्वालामुखी

बालमित्रांनो, जालना जिल्ह्यात ज्वालामुखी आहे का, असं कुणी विचारलं तर तुम्ही हसाल. धूर सोडणारा डोंगर इथं कुठंच नाही. पण शेतातली काळी माती आणि विहिरीतला काळा कातळ, दोन्ही ज्वालामुखीचीच देणगी आहे, बरं का!

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनमध्ये जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या. त्यांतून तापलेला शिलारस, म्हणजे लाव्हा, बाहेर आला आणि दूरदूर पसरला. तो थिजला की काही काळानं दुसरा थर यायचा. असे थरावर थर साचून बेसॉल्ट खडकाचं दख्खनचं पठार झालं. आजही हा खडक सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे.

मग मोठा स्फोट झाला नाही का? त्याचं उत्तर स्वयंपाकघरात मिळेल. पातळ कढी उकळते तेव्हा बुडबुडे सहज वर येऊन फुटतात. घट्ट पिठल्यात मात्र वाफ कोंडते आणि 'फट्' करून हातावर चटका बसतो! लाव्ह्याचंही तसंच. त्यात सिलिका कमी असेल तर तो पातळ असतो आणि वायू सहज निसटतात. हवाई बेटांवरचा मौना लोआ असाच वाहत्या लाव्ह्यानं बनला. तो ढालीसारखा पसरट आहे. सिलिका जास्त असेल तर शिलारस चिकट होतो, वायू अडकतात आणि शेवटी भडका उडतो. इंडोनेशियातला क्राकाटोआ १८८३ साली असाच फुटला. त्या उत्पातात आणि समुद्राच्या लाटांत ३६ हजारांहून अधिक माणसं गेली. फिलिपाइन्सचा पिनाटुबो १९९१ साली फुटला. आपल्या देशातला एकमेव जागृत ज्वालामुखी अंदमानातल्या बॅरन बेटावर आहे.

शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर मात्र ज्वालामुखीचं विवर नव्हे हं! बेसॉल्टवर उल्का आदळून तो खड्डा पडला.

आता हे सगळं आपल्या कामाचं कसं? बेसॉल्ट झिजून काळी कसदार माती झाली, म्हणून इथं कापूस पिकतो. पण एकसंध कातळात पाणी मुरत नाही. ते साठतं भेगांत, मुरमात आणि भोकं असलेल्या थरांत. म्हणूनच एका विहिरीला पाणी लागतं, तर शेजारची कोरडी राहते. २०१२-१३ च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या कितीतरी मोसंबीच्या बागा वाळून गेल्या. पाऊस पडला की पाणी अडवायचं आणि जिरवायचं का, हे आता कळलं ना?

यंदा उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की आजोबांना किंवा बाबांना बरोबर घेऊन, काठापासून जरा दूर उभं राहून विहीर पाहा. वर काळी माती, खाली मुरूम, मग कातळ दिसेल. मध्येच तांबडा पट्टा दिसला तर ओळखा, दोन लाव्ह्यांच्या मधला तो विसाव्याचा काळ! वरून आलेल्या लाव्ह्यानं खालची माती भाजून निघाली असेल. थर मोजा आणि वहीत चित्र काढा. तुमच्या गावच्या जमिनीचा इतिहास तुमच्याच हातानं लिहिला जाईल.