गोल्फचा झोका आणि कोपराची शिस्त

येरवड्यास पूना क्लबचे गोल्फचे मैदान आहे. क्रिकेटमध्ये तरबेज असलेला मुलगा गोल्फची काठी प्रथमच हाती घेतो, तेव्हा चेंडू बहुधा समोर न जाता उजवीकडे वळून झाडीत पडतो. आणि जो जो जोर लावावा, तो तो अधिकच वळतो. असे का व्हावे, ते आपण पाहू.

क्रिकेटमधील सरळ बॅट उभ्या पातळीत फिरते. गोल्फचा चेंडू मात्र जमिनीवर, पायांपासून दूर असतो. म्हणून काठीस तिरप्या वर्तुळातून जावे लागते. चेंडूपासून निघून खेळाडूच्या खांद्यांवर रेललेले एक मोठे चाक कल्पावे. त्याच्या धावेला धरून काठी फिरली पाहिजे. बेन होगन याने १९५७ सालच्या आपल्या पुस्तकात चाकाऐवजी काचेचे तावदान कल्पिले आहे.

ही पातळी बिघडते ती घाईमुळे. खाली येताना उजवा खांदा व हात अगोदरच पुढे धावतात, कोपर कुशीपासून सुटते, आणि काठी चेंडूच्या पलीकडून येऊन त्यास आडवी कापते. काठीचे तोंड त्या मार्गाच्या मानाने उजवीकडे उघडे राहिले की चेंडूस तिरकी गिरकी मिळते. जोर वाढला की गिरकीही वाढते! ४६ ग्रॅमांहूनही हलक्या त्या चेंडूशी काठीचा स्पर्श सेकंदाच्या सुमारे दोन-हजाराव्या भागापुरताच असतो. तेव्हा चूक मागाहून सावरणे अशक्यच.

यास्तव डावा हात लांब, पण ताठर नव्हे, असा ठेवावा. झोका वर पोचला असता उजवे कोपर जमिनीकडे वळलेले असावे. पंगतीतील वाढपी तळहातावर ताट तोलतो, तसे. जॅक निक्लॉस याचे कोपर वर जाताना खुशाल बाहेर उडे, आणि तरीही त्याने १८ प्रमुख स्पर्धा जिंकल्या. परंतु खाली येताना ते कुशीजवळ परत येई. खरी परीक्षा तेथेच आहे.

हा खेळ केवळ धनिकांचा, असे पुष्कळ पालकांस वाटते, आणि साहित्याचा खर्च पाहता ते सर्वस्वी चूक नाही. तथापि १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारा अली शेर हा दिल्लीच्या मैदानावर पूर्वी इतरांच्या काठ्या वाहून नेत असे. आणि कोपराच्या अभ्यासास तर एक हातरुमाल पुरे. तो डाव्या काखेत धरून, आसपास कोणी नाही हे पाहून, कमरेपर्यंतचाच झोका सावकाश घ्यावा. रुमाल पडला, तर हात अंगापासून सुटला असे समजून पुन्हा आरंभ करावा. आठवडाभर चेंडू ठेवूच नये.