सुताराच्या लेकीने वाचलेले दगड

दगड बोलतो का? पाथरवटाला विचारा. हातोड्याच्या एका ठोक्यात त्याला दगडाची जात कळते. पण दगड पाहून कोट्यवधी वर्षांपूर्वीचा प्राणी ओळखणारी एक गरीब मुलगी इंग्लंडमध्ये होऊन गेली. तिची ओळख आज आम्ही आमच्या माताभगिनींना आणि शाळकरी मुलांना करून देत आहोत.

तिचे नाव मेरी ॲनिंग. जन्म १७९९ चा, लाइम रेजिस या समुद्रकाठच्या गावातला. वडील सुतारकाम करीत आणि जोडीला कड्यांतून निघणारे चमत्कारिक दगड प्रवाशांना विकत. १८१० मध्ये ते वारले. मागे राहिले ते कर्ज. मेरी तेव्हा अकरा वर्षांची होती. शाळा तिला फारशी मिळालीच नाही. पोटासाठी ती भावाबरोबर दगड शोधू लागली.

तिथले लोक वेटोळ्या दगडांना सापाचे दगड म्हणत. वास्तविक ते समुद्रातील कवचधारी प्राण्यांचे अवशेष होते. आपल्याकडे पुजला जाणारा गंडकी नदीतला शाळिग्राम हाही अशाच प्राण्याचा जीवाश्म आहे.

जीवाश्म होतो कसा? प्राणी मरून पाण्याच्या तळाशी जातो. मांस कुजते, हाडे, दात, कवच उरते. त्यावर लवकर गाळ साचला तर हवा लागत नाही आणि अवशेष टिकतो. गाळाचे थरावर थर चढतात, दाबाने त्यांचा खडक होतो. जमिनीत मुरलेल्या पाण्यातील खनिजे हाडांच्या बारीक छिद्रांत भरतात आणि हाडाचा दगड बनतो. पुढे जमीन वर उचलली जाते, लाटा-पाऊस खडक झिजवतात आणि तो दगड उघडा पडतो. लाखो जिवांतून एखाद्याच्याच वाट्याला हे येते. लाइम रेजिसचे हे खडक सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीचे आहेत.

१८११ मध्ये मेरीच्या भावाला एक भलीमोठी कवटी सापडली. पुढच्या वर्षी बाकीचा सांगाडा मेरीने शोधून काढला. तो माशासारख्या दिसणाऱ्या सागरी सरड्याचा, म्हणजे इक्थिओसॉरचा होता. निर्माण झालेला प्राणी कधी नाहीसा होत नाही, असे तेव्हा पुष्कळ लोक मानत. या हाडांनी त्या समजुतीला तडा दिला.

१८२३ मध्ये मेरीला लांब मानेच्या प्लेसिओसॉरचा सांगाडा मिळाला. फ्रान्सचे थोर शास्त्रज्ञ क्युव्हिए यांना ती लांब मान पाहून सांगाडा बनावट असल्याचा संशय आला. तपासणीत सांगाडा खरा ठरला आणि त्यांनी चूक मान्य केली. पण लंडनच्या भूगर्भशास्त्र संस्थेत त्यावर निबंध वाचला गेला तेव्हा मेरीचे नावही कोणी घेतले नाही! ती स्त्री, त्यात गरिबाघरची. त्या संस्थेत स्त्रियांना सभासदत्व मिळायला १९१९ साल उजाडले. मेरी १८४७ मध्येच गेली होती. दरड कोसळण्याचा धोका पत्करायचा तिने, हाडे ओळखायची तिने, मासे चिरून आतली रचना समजून घ्यायची तिने. आणि मान मात्र दुसऱ्यांचा.

तिची नजर किती बारीक होती पाहा. काही ओबडधोबड दगड तिला सांगाड्यांच्या पोटाच्या जागी सापडत. ते फोडले की आत माशांची हाडे आणि खवले निघत. ती होती दगड झालेली विष्ठा! १८२९ मध्ये बकलँड या शास्त्रज्ञाने हे जगापुढे मांडले. प्राणी काय खात होता, याचा इतका सरळ पुरावा दुसरा कोणता?

हीच युक्ती पुढे आपल्या विदर्भात कामी आली. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचे गाव आहे. तिथे साडेसहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या विष्ठेचे जीवाश्म सापडतात. ते शाकाहारी डायनोसॉरचे असावेत, असे शास्त्रज्ञ मानतात. गवत कापताना पात्याने बोट चिरते, हे आमच्या शेतमजूर भगिनींना सांगायला नको. गवताच्या पात्यात वाळूसारखे सूक्ष्म कण असतात. पाला कुजला तरी ते कण टिकतात. पिसदुऱ्याच्या जीवाश्मांत वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हेच कण सापडले, आणि २००५ मध्ये त्यांनी ते जाहीर केले. डायनोसॉरच्या काळात गवत होते, हे त्यातून सिद्ध झाले. पुढे २०११ मध्ये तर भाताच्या कुळातील गवताचाही पुरावा त्यांनी मांडला. आपल्या ताटातल्या भाताच्या कुळाची कहाणी अशी विष्ठेच्या दगडात लिहिलेली निघाली!

आणि मेरी? २०१० मध्ये ब्रिटनच्या रॉयल सोसायटीने विज्ञानावर सर्वाधिक प्रभाव टाकणाऱ्या दहा ब्रिटिश स्त्रियांत तिची गणना केली. एका शाळकरी मुलीने आणि तिच्या आईने मोहीम काढली, लोकवर्गणी जमली आणि २०२२ मध्ये लाइम रेजिसला मेरीचा पुतळा उभा राहिला. पुरावा गाडला गेला तरी नष्ट होत नाही. दगडाचा नाही आणि माणसाच्या कर्तृत्वाचाही नाही. मात्र तो उकरून काढणारे हात लागतात.

म्हणून मायबापहो, तुमच्या मुलीने फ्रॉकच्या खिशातून दगड घरी आणले तर रागावू नका. तो कुठे सापडला ते तिला वहीत लिहायला सांगा आणि गुरुजींना दाखवू द्या. दहापैकी दहा दगड साधेच निघतील. पण विचारण्याची सवय लागेल, आणि ती आयुष्यभर पुरेल.