आदिकालाची शिल्लक

अलिबागेच्या उत्तरेस, थळच्या किनाऱ्यालगत, नैसर्गिक वायूपासून अमोनिया आणि अमोनियापासून युरिया तयार करणारा जो विस्तीर्ण कारखाना उभा आहे, त्याच्या शेजारीच अणुऊर्जा खात्याचा दुसरा एक कारखाना १९८७ पासून चालू आहे. खतासाठी सिद्ध झालेले हायड्रोजन व नायट्रोजन यांचे मिश्रण अमोनियाच्या भट्टीत जाण्यापूर्वी प्रथम या शेजाऱ्याकडे येते, उंच मनोऱ्यांत थंड द्रव अमोनियाच्या प्रवाहाशी त्याची गाठ पडते, पोटॅशियम अमाइड या उत्प्रेरकाच्या साहाय्याने आपल्यातील एक विशिष्ट अंश ते त्या अमोनियाच्या स्वाधीन करते, आणि मग आल्या वाटेने परत जाते. तो अंश इतका अल्प असतो की, खताच्या उत्पादनात त्यामुळे काही उणे पडत नाही. हा अंश म्हणजे जड हायड्रोजन, अर्थात ड्यूटेरियम. त्यापासून होणारे जड पाणी आपल्या अणुभट्ट्यांत न्यूट्रॉनांचा वेग मंद करण्याच्या कामी येते, हे पुष्कळांस ठाऊक असते. परंतु थळच्या मनोऱ्यांतून वेचला जाणारा हा पदार्थ सूर्याहून, किंबहुना आकाशातील कोणत्याही ताऱ्याहून प्राचीन आहे, ही हकीकत फारशी कोणाच्या कानी पडलेली नसते, आणि मला तर ती जड पाण्याच्या सर्व उपयोगांहून अधिक विस्मयकारक वाटते.

साध्या हायड्रोजनच्या अणुकेंद्रात एकच प्रोटॉन असतो. जड हायड्रोजनच्या केंद्रात त्याच्या जोडीस एक न्यूट्रॉन असल्यामुळे त्याचे वजन जवळजवळ दुप्पट भरते. समुद्राच्या पाण्यात सुमारे ६,४०० हायड्रोजन अणूंमागे एक अणू या जातीचा सापडतो, म्हणजे लिटरमागे अवघे ३३ मिलिग्रॅम. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील हॅरल्ड यूरी यांनी १९३१ मध्ये असा विचार केला की, असा अणू जर खरोखरच अस्तित्वात असेल, तर त्याच्या प्रकाशरेषा साध्या हायड्रोजनच्या रेषांपासून किंचित जांभळ्या टोकाकडे सरकलेल्या असल्या पाहिजेत. किती सरकलेल्या, हे गणिताने आधीच सांगता येत होते, आणि तांबड्या रेषेच्या बाबतीत ते अंतर सेंटिमीटरच्या पाच कोटीव्या भागाहूनही कमी निघाले. साध्या, बाजारात मिळणाऱ्या हायड्रोजनच्या छायाचित्रात गणिताने नेमून दिलेल्या जागी एक अंधुक रेषा दिसली खरी. पण वर्णपट पसरविणाऱ्या जाळीच्या दोषाने तशा खोट्या रेषाही उमटू शकतात, याची यूरींना पुरती जाणीव होती, सबब निष्कर्ष जाहीर करण्याची घाई त्यांनी केली नाही. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय मानक संस्थेतील फर्डिनंड ब्रिकवेड्डे यांनी चार लिटर द्रव हायड्रोजन गोठण्याच्या बेतास आणून, उणे २५९ अंशांच्या आसपास, सावकाश आटवीत नेला आणि शेवटी सुमारे एक घन सेंटिमीटर तेवढा उरविला. जड अणू उडून जाण्यास नाखूश, तेव्हा उरलेल्या द्रवात त्याचे प्रमाण वाढणार, हा त्यामागील तर्क. त्या वायूचे छायाचित्र यूरी आणि जॉर्ज मर्फी यांनी घेतले, तो तीच अंधुक रेषा, त्याच जागी, कितीतरी अधिक ठळक उमटलेली त्यांना आढळली. विशेष असे की, ज्या न्यूट्रॉनामुळे हा अणू जड झालेला आहे, त्याचा शोध तेव्हा लागायचाच होता. तो चॅडविक यांनी पुढील वर्षी लावला. यूरींना १९३४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता हा अणू आला कोठून? कार्बन, प्राणवायू, लोह ही द्रव्ये ताऱ्यांच्या उदरात घडतात, त्याअर्थी जड हायड्रोजनही तेथेच घडत असावा, असे अनुमान सहज सुचते; परंतु वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे. वायूचा मेघ आकुंचन पावून तारा होऊ लागला, आणि त्याचा गाभा दहा लक्ष अंशांवर पोहोचला, की साध्या हायड्रोजनचे ज्वलन सुरू होण्याच्या पुष्कळ आधीच जड हायड्रोजन प्रोटॉनांशी संयोग पावून हलक्या जातीच्या हेलियमात रूपांतरित होतो, आणि त्या उष्णतेने ताऱ्याचे आकुंचन काही काळ रोखून धरले जाते. गुरूच्या सुमारे तेरापट वस्तुमानाचे, तारा होण्याची ऐपत नसलेले तपकिरी बटूही एवढे ज्वलन साधतात. ताऱ्यांच्या वहीत जड हायड्रोजनच्या नावे खर्च तेवढा पडतो. जमेची बाजू कोरीच राहते.

सूर्याच्या गाभ्यात तो क्षणभर जन्मास येतो, हे खरे. दोन प्रोटॉन एकमेकांवर आदळले, आणि त्या निमिषमात्र सान्निध्यात त्यांपैकी एकाचे न्यूट्रॉनात परिवर्तन झाले, तरच जड हायड्रोजनचे केंद्र बनते. ही घटना इतकी दुर्मिळ आहे की, एखाद्या प्रोटॉनाला तिच्यासाठी सरासरी नऊशे ते हजार कोटी वर्षे तिष्ठावे लागते, आणि सूर्याचे वय तर अवघे ४६० कोटी वर्षांचे आहे. उलटपक्षी, एकदा बनलेले हे केंद्र काही सेकंदांतच दुसऱ्या प्रोटॉनाकडून गिळले जाते, त्यामुळे सूर्याच्या गाभ्यात एक कोटी कोटी प्रोटॉनांमागेही एक जड केंद्र शिल्लक राहत नाही. हान्स बेटे आणि चार्ल्स क्रिचफील्ड यांनी १९३८ मध्ये या पहिल्या पायरीचे गणित मांडले. ही पायरी जर इतकी बिकट नसती, तर सूर्याचे इंधन केव्हाच संपुष्टात आले असते, आणि पृथ्वीवरील जीवसृष्टीला घडण्यास लागणारा अवधीच मिळाला नसता. इतक्या दीर्घ दिरंगाईवर आपले सर्वांचे अस्तित्व अवलंबून असावे, हे ज्याने प्रथम ताडले असेल त्याच्या मनाची अवस्था काय झाली असेल, याचा मला नेहमी विचार पडतो.

तारे जर नव्हेत, तर उगम विश्वाच्या प्रारंभीच शोधावा लागतो. प्रथम विश्व इतके तप्त होते की, प्रोटॉन व न्यूट्रॉन जुळताच प्रखर किरण त्यांची जोडी फोडून टाकीत. काही मिनिटांतच तापमान शंभर कोटी अंशांच्या खाली उतरले, जोड्या टिकू लागल्या, आणि त्यांतील बहुतेक लगोलग हेलियमात सामावल्या; पण विश्वाचे प्रसरण इतक्या वेगाने चालू होते की, काही थोड्या जोड्यांना पुढचा जोडीदार भेटण्यापूर्वीच सर्व व्यवहार थंडावला. त्या उरलेल्या जोड्या म्हणजेच आजचा जड हायड्रोजन.

पुढे ताऱ्यांमधील अतिशीत मेघांत हा जड अणू साध्या अणूपेक्षा बर्फाच्या रेणूंत अधिक प्रमाणात अडकून बसला, आणि म्हणूनच आपल्या समुद्रात त्याचे प्रमाण आदिम प्रमाणाच्या सुमारे सहापट आहे. हॅलेच्या धूमकेतूत ते समुद्राच्या दुप्पट भरले, रोझेटा यानाने पाहिलेल्या धूमकेतूत तिपटीहून अधिक, तर हार्टली २ मध्ये समुद्राइतकेच. तेव्हा समुद्राचे पाणी धूमकेतूंनी आणले की काय, हा वाद अद्याप मिटलेला नाही. शुक्राच्या वातावरणात तर ते पृथ्वीच्या शंभरपटीहूनही अधिक आहे, कारण तेथील पाण्यातला साधा, हलका हायड्रोजन अवकाशात निसटून गेला आणि जड तेवढा मागे राहिला.

आरंभीच्या त्या मिनिटांत द्रव्य जितके दाट, तितकी जड हायड्रोजनची शिल्लक कमी. म्हणून ही शिल्लक मोजता आली, तर विश्वात एकंदर अणू किती याचाही हिशेब लागतो. १९७३ मध्ये कोपर्निकस उपग्रहावरील दुर्बिणीने नरतुरंग तारकासमूहातील बीटा ताऱ्याच्या वाटेवरील वायूत ती प्रथम मोजली गेली. परंतु आपल्या आकाशगंगेतील वायू ताऱ्यांच्या पोटातून जाऊन आलेला असल्यामुळे पुढे हवाई बेटावरील केक दुर्बिणीने दूरस्थ क्वेसारांच्या प्रकाशात, वाटेत लागणाऱ्या जवळजवळ अस्पर्शित मेघांच्या छाया तपासण्यात आल्या, आणि प्रमाण सुमारे ४०,००० हायड्रोजन अणूंमागे एक असे निघाले. त्यावरून काढलेली अणुद्रव्याची एकूण राशी विश्वातील समग्र द्रव्य-ऊर्जेच्या पाच टक्क्यांच्या आसपास येते. विश्वाच्या पार्श्वभूमीतील सूक्ष्मतरंगांच्या मापनातून, सर्वस्वी वेगळ्या मार्गाने, तोच आकडा हाती आला आहे. दीर्घिकांचे तारे ज्याच्या ओढीने गुंतून फिरतात, ते अदृश्य द्रव्य याहून सुमारे पाचपट असल्यामुळे ते प्रोटॉन-न्यूट्रॉनांचे बनलेले असणे शक्य नाही, या निष्कर्षाचा एक भक्कम आधार हाच जड हायड्रोजन आहे.