गाळ्यांची मुदत संपते तेव्हा

तालुक्याच्या गावात एसटी स्टँडजवळ नगरपरिषदेचे दुमजली व्यापारी संकुल हमखास असते. खाली कापड, मोबाइल, बी-बियाणे, झेरॉक्स. वर वकिलांची कार्यालये, विमा एजंट, शिकवणीचे वर्ग आणि काही कायमची बंद शटरे. 1979-80 मध्ये केंद्राने लहान व मध्यम शहरांच्या एकात्मिक विकासाची योजना आणली. तिच्या कर्जातून अशी अनेक संकुले बांधली गेली, म्हणून काही गावांत त्यांना आजही ‘आयडीएसएमटीचे गाळे’ म्हणतात. हेतू असा की होतकरू तरुणाला बाजारात जागा मिळावी आणि गावाच्या तिजोरीत दरमहा भाडे यावे. नगरपरिषदांची जकात 1999 मध्ये गेली. तेव्हापासून हक्काचे उत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी आणि हे गाळे.

आता करार संपले आहेत, छताला गळती आहे आणि गाळ्यांचे काय करायचे हे सभेपुढे आले आहे. जुन्याच गाळेधारकांना मुदतवाढ द्यायची, जाहीर लिलाव करायचा, की इमारत पाडून नवी बांधायची? उत्तर सभागृहात हात वर होतात त्या दिवशी ठरते असा आपला समज असतो. माझ्या मते ते बरेच आधी, कागदांवर ठरत जाते. ज्याला बोलायचे आहे त्याने तिथेच हजर असले पाहिजे.

पहिला कागद मालमत्ता पत्रक. इमारत नगरपरिषदेची असली तरी जमीन तिची असेलच असे नाही. शासनाने विशिष्ट कारणासाठी जागा दिली असेल, तर तिथे दुसरे काही करण्याआधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, नाहीतर शर्तभंग होतो. भाजी मंडईसाठी दिलेल्या जागेवर मल्टिप्लेक्स उभे करण्याच्या गप्पा या एका पानावर थांबू शकतात.

दुसरा कागद मूळ करारनामा. तो उघडला की गुंतागुंत दिसते. गाळा एकाच्या नावावर, दुकान दुसऱ्याचे आणि शटरवरची पाटी तिसऱ्याची. मधल्या काळात पोटभाडेकरू आले, पगडी दिली-घेतली गेली, आणि त्यातला एक रुपयाही नगरपरिषदेकडे आला नाही. वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृत असावा लागतो. अनेक करार साध्या स्टॅम्प पेपरवर आहेत. गाळेधारकांना आणखी एक गोष्ट कोणी स्पष्ट सांगत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 स्थानिक संस्थेच्या मालकीच्या जागेला लागू नाही. खासगी वाड्यातल्या जुन्या भाडेकरूला जे संरक्षण मिळते, ते इथे नाही. तीस वर्षे दुकान चालवले म्हणून गाळा आपला होत नाही.

तिसरा कागद मूल्यांकनाचा, आणि खरी कुस्ती इथेच असते. समजा, रेडीरेकनरप्रमाणे एका गाळ्याची किंमत नऊ लाख रुपये आहे. वर्षाला आठ टक्के धरले तर भाडे 72 हजार, म्हणजे महिन्याला सहा हजार होते. जुने भाडे चारशे असेल, तर साठ गाळ्यांचे वर्षाला 2 लाख 88 हजार येत होते. नव्या दराने 43 लाख 20 हजार येतील. एवढ्या रकमेत गावातल्या किती गटारी आणि दिवाबत्तीची कामे होतील याचा अंदाज कोणीही करू शकेल. पण चारशेवरून एकदम सहा हजार म्हटले, तर वरच्या मजल्यावरचा शिंपी टिकणार नाही. महापालिकांच्या मालमत्तांसाठी 2019 च्या नियमांत आठ टक्क्यांचाच निकष आला, तेव्हा ठिकठिकाणच्या व्यापाऱ्यांनी विरोध केला तो याच पोटतिडकीने. म्हणून मूल्यांकनात तळमजला आणि वरचा मजला, दर्शनी गाळा आणि आतला गाळा यांचे दर वेगळे धरले आहेत का, हे पाहावे. सरसकट एक दर लावला तर दर्शनी दुकानदार स्वस्तात सुटतो आणि आतला बुडतो.

इमारत जुनी असेल तर स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवालही जोडलेला हवा. ‘धोकादायक’ आणि ‘दुरुस्तीयोग्य’ यात फरक आहे. पाडून बांधायची भाषा सुरू झाली की हा अहवाल आधी मागावा. ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ तत्त्वावर विकासक आणला, तर नगरपरिषदेच्या वाट्याला किती गाळे येणार आणि जुन्यांना बांधकाम होईपर्यंत कुठे बसवणार, हे निविदेतच लिहिलेले असावे. नंतर कोणी विचारत नाही.

मग विषय सभेपुढे जातो. विषयपत्रिकेवर ओळ दिसते: ‘व्यापारी संकुलाबाबत विचारविनिमय करून निर्णय घेणे.’ एवढ्या मोघम ओळीखाली काहीही मंजूर होऊ शकते. त्याहून वाईट म्हणजे ‘ऐनवेळचे विषय’. ते नगरसेवकांनी आधी वाचलेले नसतात, गावाने तर नाहीच. ठरावाला सूचक आणि अनुमोदक मिळतो, ‘सर्वानुमते मंजूर’ लिहिले जाते आणि सभा पुढे सरकते.

मात्र ठराव झाला म्हणजे सगळे झाले असे नाही. 1965 च्या नगरपरिषद अधिनियमाचे कलम 92 इथे आडवे येते. तीन वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा परिषद स्वतः देऊ शकते. त्यापुढे वरिष्ठांची परवानगी लागते. विक्रीसारखे कायमचे हस्तांतरण असेल, तर एकूण सदस्यांच्या दोन तृतीयांश बहुमताचा ठराव करून तो शासनाकडे जातो. कलम 308 खाली जिल्हाधिकारी ठरावाची अंमलबजावणी रोखू शकतात. तक्रार करायची तर ती या टप्प्यावर, कलम लिहून करावी.

जुन्यांनाच का द्यायचे नाही, हा प्रश्न माणुसकीचा आहे आणि तो मला पटतोही. पण न्यायालयांची भूमिका पक्की आहे. 1979 मध्ये मुंबई विमानतळावरच्या उपाहारगृहाच्या निविदेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. पाच वर्षांच्या अनुभवाची अट घालून ती न पुरवणाऱ्यालाच काम दिले होते. न्या. भगवती यांनी सांगितले की, सार्वजनिक संस्थेने स्वतः घातलेल्या अटी स्वतःच मोडायच्या नाहीत. म्हणून पात्रता, अनामत, राखीव गाळे, जुन्या धारकाला सर्वोच्च बोलीइतकी रक्कम देऊन गाळा ठेवण्याची संधी, जे काही द्यायचे ते नियमांत तपासून आधीच अटी-शर्तींत लिहावे लागते. बोली उघडल्यावर दाखवलेली दया कोर्टात टिकत नाही.

सर्वांत महाग पडतो तो न घेतलेला निर्णय. जळगावात महापालिकेच्या गाळ्यांची मुदत 2012 मध्ये संपली आणि वाद उच्च न्यायालयापासून मंत्रालयापर्यंत वर्षानुवर्षे चालला. अशा काळात थकबाकीवर दंड चढतो, व्यापारी दुकानात पैसा घालायला कचरतो, नगरपरिषद दुरुस्ती करत नाही आणि संकुल दोघांच्याही हातून जाते. त्यात 2022 च्या आसपास मुदती संपून बहुतेक स्थानिक संस्थांत प्रशासक बसले, निवडणुका लांबल्या, आणि असे विषय फायलींतच राहिले.

तुमच्या गावात हा विषय येणार असेल, तर सभेची वाट पाहू नका. माहिती अधिकाराचा अर्ज करून मालमत्ता पत्रक, गाळानिहाय भाडे व थकबाकीची यादी, मूल्यांकन अहवाल आणि जुन्या ठरावांच्या नकला मागा. अर्जात संकुलाचा सिटी सर्व्हे नंबर घाला. उत्तर तीस दिवसांत मिळाले पाहिजे, म्हणून विषयपत्रिका निघण्याच्या निदान दोन महिने आधी अर्ज द्या.